झिंगीच्या पायाचा ठराव

६ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी सहा.
आज तलावावर जाळं चांगलं लागलं. रोहू, कतला, वरून टोपलीभर झिंगे. वजनकाट्याजवळ मासळीचे कॅरेट रचून ठेवले होते. त्यातलं वरचं सरकलं आणि खाली बसलेल्या झिंगीच्या मागच्या उजव्या पायावर पडलं. झिंगी म्हणजे आमची मांजर. वय दहा. झिंगे दिसले की जागची हलत नाही, म्हणून हे नाव.
कॅरेट सहाच्या वर नेऊ नका असं आमच्या संस्थेचे अध्यक्ष सुकलूभाऊ सकाळी म्हणाले होते. ते रोजच काही ना काही म्हणतात. रचले कोणी हा मुद्दा आज नको.
एकदाच ओरडली. मग गोदामात जाळ्यांच्या ढिगामागे जाऊन बसली. पाय लोंबतो आहे.
बायको (रंभा) म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी म्हणालो, घाबरू नको. मच्छिमार संस्थेचा एकोणीस वर्षं सचिव आहे मी. निर्णय घेणं माझं रोजचं काम. उद्या पहिल्या गाडीने नेतो.

७ जानेवारी, मंगळवार.
पहिली गाडी चुकली. तालुक्याचे डॉक्टर ढोरांच्या लसीकरणाला गेलेले, म्हणून दुसऱ्या गाडीने थेट चंद्रपूर. झिंगीला बकेटीत बसवून वरून टॉवेल बांधला. कंडक्टर म्हणाला, भाऊ, मासे असतील तर मागं जाऊन बसा. मी सांगितलं, मांजर आहे. तो म्हणाला, वास तर माशाचाच येऊन राह्यला. वास माझा होता.
डॉक्टर पुनम म्हणून आहेत. वयाने आमच्या दिव्यानीएवढ्या. एक्स-रे काढला, लाईटपुढे धरून दाखवला. मांडीचं हाड, सरळ दोन तुकडे. आत सळई घालायचं ऑपरेशन करावं लागेल, म्हणाल्या. केलं तर बहुतेक पहिल्यासारखी उड्या मारेल. नाही केलं तर हाड आपल्या मनाने जुळेल, पाय आखूड होईल, जन्मभर लंगडेल. पण वय झालेलं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये किडनी थोडी कमजोर, त्यामुळे भुलीतून उठेलच अशी हमी कोणी देणार नाही. दहा दिवसांच्या आत काय ते ठरवा, म्हणाल्या. नंतर वाकडं जुळायला लागतं.
मी विचारलं, तुमची असती तर? त्या म्हणाल्या, मी केलं असतं. पण मांजर तुमची आहे.
एक कागद दिला. त्यावर लिहिलेलं की धोका समजला, संमती आहे. खाली सहीची जागा. माझी सही गावात प्रसिद्ध आहे, तहसीलदारासारखी येते असं लोक म्हणतात. तरी घाईत सही करू नये. कागद अभ्यासासाठी घरी आणला.
दुखण्याचं औषध थेंबाथेंबाने द्यायचं. माणसाची गोळी अजिबात द्यायची नाही. खोक्यात ठेवायचं, चालू द्यायचं नाही.
दिव्यानी (मुलगी, वरोऱ्याला दिली) फोनवर म्हणाली, बाबा, खर्चाचं पाहू नका, तुमचे जावई अन् मी करतो. म्हणजे तोही प्रश्न मिटला. आता फक्त निर्णय घ्यायचा बाकी आहे.

८ जानेवारी, बुधवार.
निर्णय उद्या दुपारी बाराच्या आत. लाल पेनने लिहून ठेवत आहे.

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी साडेबारा.
निर्णय झाला. निर्णय असा की, निर्णय सभेत घ्यायचा. एकट्याने ठरवणं म्हणजे मनमानी. मांजर घराची आहे, तेव्हा घराची सभा. सभासद तीन: मी, रंभा, दिव्यानी (फोनवर). सूचना तोंडी दिली. विषय क्रमांक एक: सदर मांजरीच्या पायाचे ऑपरेशन करणे अथवा न करणे. वेळ संध्याकाळी पाच.

संध्याकाळी साडेपाच.
कोरम झाला नाही. दिव्यानी पोराला घेऊन शाळेच्या गॅदरिंगला. रंभा खोक्यापाशी बसून झिंगीला दूध पाजत होती, सभेच्या जागी यायला तयार नाही. म्हणाली, पाय मोडला मांजरीचा अन् सभा कायले पायजे? नियमाने सभा अर्धा तास तहकूब केली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणून अर्ध्या तासाने मी एकट्याने घेतली. एकटा असल्यामुळे चर्चा होऊ शकली नाही.

११ जानेवारी, शनिवार.
आज सभा रीतसर. रंभाचं मत: करा. दिव्यानीचं मत: नका करू, भुलीत गेली तर मग काय करसाल, लंगडी तर लंगडी, जिती तर राहील. एकास एक. समसमान झाल्यास अध्यक्षाचं मत निर्णायक. अध्यक्ष मी. म्हणून सभा तहकूब केली.
रंभाने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी थापायला गेली. भाकरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.
झिंगी थेंब दिल्यावर झोपते. उठली की पाय चाटते. जिथे मोडलं तिथेच चाटते. डॉक्टरांचा कागद उशीखाली आहे. दोनदा वाचला. मराठी सोपी आहे.

१२ जानेवारी, रविवार.
सुकलूभाऊ पाहायला आले. सोबत चार झिंगे आणले. झिंगीने खाल्ले, हे चांगलं लक्षण. भाऊ म्हणाले, सचिव, हे मांजर एकट्या तुमचं नाई. गोदामातल्या जाळ्या उंदरापासून कोण राखून राह्यलं दहा वर्षांपासून? कॅरेट बी संस्थेचं, काटा बी संस्थेचा. मंग हा विषय संस्थेच्या सभेत पायजे.
मला स्वतःला हे सुचायला हवं होतं. खरं म्हणजे मनात होतंच. सभा गुरुवारी, १६ तारखेला. डॉक्टरांची मुदत १७. म्हणजे एक दिवस शिल्लक राहतो. नियोजन असं असावं.
रंभाला सांगितलं. ती म्हणाली, दहा दिवसांतले पाच गेले जी. मी म्हणालो, पाच उरले असं म्हण.

१३ जानेवारी, सोमवार.
सभेपर्यंत हातावर हात ठेवून बसणारा मी नाही. मुखरूला बोलावलं. मुखरू हाडं बसवतो. आजूबाजूच्या दहा गावांत त्याचा हात नावाजलेला. पडलेले, ताडावरून घसरलेले, बैलाने तुडवलेले, सगळे त्याच्याकडे. त्याने हाडजोडीचा वेल हळद घालून वाटला, बांबूच्या कामट्या सोलल्या. मांजर कधी बांधली का विचारलं. म्हणाला, नाई, पण हाड ते हाडच. मला हे पटलं.
मी डोकं धरलं, मुखरूने पाय. पुढचं फार लवकर झालं. मुखरूच्या मनगटावर चार ओरखडे, माझ्या कानाच्या पाळीला एक. कामट्या बांधल्या गेल्या. पाऊण तासाने झिंगीने त्या ओढून काढल्या आणि खोक्याच्या कोपऱ्यात नीट ठेवून दिल्या.
मुखरू जाताना म्हणाला, भाऊ, हे डाक्टरचं काम हाय. एवढं तो आधीच बोलला असता तर हळद वाचली असती.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
सणाच्या दिवशी दवाखान्याचा विषय नको.

१५ जानेवारी, बुधवार. संक्रांतीची कर.
करीच्या दिवशी चांगलं काम काढत नाहीत. मी या गोष्टी मानत नाही, पण उगाच कशाला. डॉक्टरांचा फोन आला, काय ठरलं विचारलं. मी म्हणालो, प्रकरण संस्थेकडे आहे. त्या म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी नऊची वेळ तुमच्यासाठी ठेवते, तिला रात्रीपासून उपाशी ठेवून आणा.
चांगली मुलगी आहे.

१६ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी.
सभा झाली. हजर सतरा. विषय क्रमांक चार होता, पण पहिले तीन विषय कोणी ऐकले नाहीत.
दहा तोंडं, दहा गोष्टी. एकाने सांगितलं त्याच्या साळ्याची कुत्री भुलीतून उठलीच नाही. दुसऱ्याने सांगितलं त्याच्या साळ्याची उठली. साळा एकच निघाला, कुत्र्या दोन. हात वर करून मतं घेतली: आठ बाजूने, आठ विरुद्ध. सतरावा मी.
तेव्हा सुकलूभाऊंनी तोड काढली. मासे वाटायची आमची रीत जुनी आहे. मासळीचे सारखे ढीग घालायचे. ज्याने त्याने आपली खूण द्यायची: काडी, पान, बिडी, जे हाताला लागेल ते. मग एकाने पाठमोरं होऊन ती ढिगांवर ठेवायची. ज्याची खूण जिथं पडली तो वाटा त्याचा, तक्रार चालत नाही. एकोणीस वर्षांत एकही भांडण नाही. भाऊ म्हणाले, तसंच करू. एका ढिगावर काडी म्हणजे ऑपरेशन. दुसऱ्यावर पळसाचं पान म्हणजे नाही.
खूण कोणी ठेवायची यावर मी दुरुस्ती सुचवली. पाय झिंगीचा आहे, तर ढीग तिनेच निवडावा. सूचना टाळ्यांनी मंजूर झाली. असं काही सुचणं अनुभवाशिवाय होत नाही.
सारखे दोन ढीग घातले, झिंग्यांचेच. मधोमध तिला ठेवलं. सतरा माणसं श्वास धरून उभी. तिने काडीकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. मग फरफटत, मागचा पाय मातीत ओढत, दोन्ही ढीग सोडून माझ्याकडे आली. बारा-पंधरा हात असेल अंतर. मध्ये तीनदा थांबली. माझ्या चपलेवर येऊन बसली.
मत बाद ठरलं. इतिवृत्तात तटस्थ असं लिहिलं.
घरी आलो तर रंभाने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती म्हणाली, तिनं तर सांगतलं ना तुमाले. अजून काय पायजे? मला कळलं नाही असं मी म्हणालो.

१७ जानेवारी, शुक्रवार. सकाळी साडेअकरा.
पहाटे उठलो. रात्रीच ठरवलं होतं: ऑपरेशन करायचं, विषय संपला. झिंगी उपाशी. बकेट, टॉवेल, कागद, पेन. रंभा सोबत येतो म्हणाली, मी नको म्हणालो, बाईमाणूस रडलं की माझा निर्णय डळमळतो.
फाट्यावर उभा राहिलो. टॉवेल थोडा उघडला. झिंगी शांत होती. माझ्याकडे बघत होती. डोळे अर्धे मिटून, घरी ओट्यावर उन्हात बसल्यावर मिटते तसे. दुखत नसावं असं वाटलं. जुळत असेल आतून. निसर्गात वाघ-बिबट्यांचे पाय मोडतात, त्यांना कोण सळया घालतं?
गाडी आली. दार उघडलं. कंडक्टर तोच होता, म्हणाला, या, मांजरवाले भाऊ. मी पाय पायरीवर ठेवला आणि परत खाली घेतला. दोनदा. त्याने बेल मारली.
इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. कागदावर सही झाली नसती. कॅरेट मी रचले होते. सहावर सातवं मीच ठेवलं. आता भुलीच्या कागदावर पण माझीच सही, आणि ती उठली नाही तर? मी भ्यालो. बकेट घेऊन फाट्यावर तासभर बसून होतो. झिंगीला भूक लागली होती, ती ओरडत होती, आणि माझ्याजवळ काही नव्हतं.
घरी सांगितलं, गाडी भरलेली होती.

२० जानेवारी, सोमवार.
मुदत ही अंदाजे असते. डॉक्टरलोक दहा सांगतात तेव्हा त्यांच्या मनात पंधरा असतात. या आठवड्यात नक्की.
झिंगी तीन पायांवर चालते. खोक्यातून स्वतः बाहेर आली. सुधारणा आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार.
या आठवड्यात जमलं नाही. झेंडावंदनाची तयारी.

२९ जानेवारी, बुधवार.
मोठी बातमी. आज झिंगीने चौथा पाय टेकवला. मी रंभाला ओरडून बोलावलं. ती आली, पाहिलं, खाली बसली, झिंगीच्या मांडीवरून हात फिरवला. मी म्हणालो, बघ, घाई केली असती तर उगाच चिरफाड झाली असती. ती म्हणाली, हाडावर गाठीसारखी ढेप लागून राह्यली हाताले. मी म्हणालो, ती ताकद आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार.
डॉक्टरांना दाखवावं, त्यांनाही शिकायला मिळेल, म्हणून चंद्रपूरला नेलं. पहिलीच गाडी पकडली.
नवा एक्स-रे. लाईटपुढे धरला. हाड जुळलं आहे. एकावर एक चढून, वाकडं जुळलं आहे. पाय दोन बोटं आखूड. मी विचारलं, आता सळई? त्या म्हणाल्या, आता जुळलेलं हाड परत मोडावं लागेल, या वयात ते मी करणार नाही. मग म्हणाल्या, त्या शुक्रवारी मी अकरापर्यंत थांबले होते, भाऊ.
रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मलाही काही बोलता आलं असतं.
सही न केलेला कागद परत दिला. त्यांनी तो बाजूच्या डब्यात टाकला.
घरी रंभाने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणालो, ऑपरेशन करायचं नाही म्हणाल्या. यात एकही शब्द खोटा नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.
बातमी गावात गेली. मी नेली नाही, चहाच्या टपरीवर फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. संस्थेच्या सभेत अभिनंदनाचा ठराव: सचिवांनी घाई न करता, संयम राखून, संस्थेच्या मांजरीचा पाय ऑपरेशनविना बरा केला. सूचक सुकलूभाऊ, अनुमोदक पत्रू. एकमताने मंजूर. ठराव माझ्याच हाताने लिहायचा असतो, लिहिला. खाली सही केली. सही छान आली.
मुखरू मागच्या रांगेत होता. तो टाळी वाजवता वाजवता मनगट चोळत होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
गोदामात उंदीर झाले. दोन जाळ्या कुरतडल्या. झिंगी उंदराच्या मागे निघते, चार पावलं टाकते, मग बसून घेते आणि अंग चाटल्यासारखं करते. थंडीमुळे असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी दहा.
सकाळी सातला पत्रू आला. संस्थेचा सभासद, घर आमच्यासमोरच. त्याची माय काल बोअरिंगवर घसरून पडली. सत्तरी ओलांडलेली बाई. रात्री चंद्रपूरला नेलं होतं, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर अंथरुणातून उठायची नाही. भुलीला धोका आहे, सही करा. पत्रूने सही केली नाही, मायला घेऊन घरी आला.
तो ओट्यावर बसला. म्हणाला, सचिवभाऊ, मले काई समजून नाई राह्यलं. मंग तुमची झिंगी आठवली. तुमी डाक्टरचं ऐकलं नाई, धीर धरला, अन् चांगली झाली. ठरावाले मीच अनुमोदन देल्लं. मायले बी घरीच ठेवतो. मुखरूले बोलावतो. तुमी फक्त हो म्हणा.
रंभा चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.
माझ्या तोंडातून सवयीने निघालं की बस, विचार करू. पत्रू लगेच म्हणाला, हो जी, तुमी म्हणाल तितके दिवस. आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो चेहरा मी ओळखतो.
मी म्हणालो, पत्रू, आजच ने. आत्ताच. सही कर आणि ऑपरेशन करून घे.
तो म्हणाला, पण झिंगी?
मी म्हणालो, झिंगी बरी झाली नाही. पाय वाकडा जुळला, आता काहीच होत नाही. डॉक्टर करा म्हणत होत्या. माझ्यानं सही झाली नाही, मी भ्यालो, फाट्यावरून परत आलो. ठराव खोटा आहे. तू माझ्या गोष्टीवर जाऊ नको.
पत्रूने माझ्याकडे पाहिलं. मग अंगणात झिंगी चालत होती तिच्याकडे पाहिलं, तिची चाल नीट पाहिली. चप्पल घातली आणि गेला. साडेसातला त्याच्या दारासमोर टेम्पो लागला. म्हातारीला चारपाईसकट चढवलं. मी हात लावायला गेलो, माणसं पुरेशी होती.
रंभाला म्हणालो, मी तुला सांगणारच होतो. ती म्हणाली, मले दिसत नव्हतं का? आंधळी हावो का मी? पत्रूच्या जागी मी इचारलं असतं तर मले सांगतलं नसतं तुमी. मग तिने चहा दिला. साखर बरोबर होती.
पत्रूला आजच ने म्हणायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. म्हणजे मला येत होतं.
झिंगी ओट्याखाली उभी आहे. वर ऊन आलं आहे. मागचे पाय गोळा करते, उडी मारणार असं वाटतं, मग सोडून देते आणि माझ्याकडे बघते. उचलून ठेवतो.